मदत हवी आहे : आकाशवाणी रत्नागिरीवर स्वतंत्र लेख हवा की नको?

नमस्कार मंडळी. मराठी विकिपीडियावर आकाशवाणी रत्नागिरी केंद्राचा लेख लिहायला घेतलाय. एका जाणत्या संपादकांचं मत पडलं, की रत्नागिरीच्या लेखात दोन ओळी पुरेत. मला ते पटत नाही. या केंद्राची ११४३ किलोहर्ट्झची मध्यम लहर (मीडियम वेव्ह) हे आमच्या हर्णैतल्या खलाशांचं घड्याळही होतं आणि वाऱ्याची खबरही. एफएमची लहर सरळ रेषेत जाते, डोंगराआड अडते. मध्यम लहर जमिनीला धरून लांब जाते, समुद्रावर तर आणखीच. म्हणून कोकणात तिचं मोल वेगळं.

अडचण पुराव्याची आहे. केंद्राच्या स्वतःच्या माहितीवर उल्लेखनीयता, म्हणजे विषय वेगळ्या लेखाच्या लायकीचा आहे की नाही, हे ठरत नाही, त्रयस्थाने छापलेलं लागतं. वडिलांच्या आठवणी कितीही खऱ्या असल्या तरी संदर्भ म्हणून चालत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

तर कुणाकडे जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं, दिवाळी अंकातले लेख, एखादा प्रबंध आहे का? वृत्तपत्राचं नाव, तारीख, पान एवढं कळलं तरी चालेल. रत्नागिरी, चिपळूणच्या वाचनालयांत जुने अंक कुणी चाळलेत का? आणि नुसत्या सहक्षेपण केंद्रांना, म्हणजे दुसऱ्या केंद्राचे कार्यक्रम पुढे पाठवणाऱ्यांना, वेगळा लेख द्यावा का, यावरही सांगा. माझ्या मते स्वतःचे कार्यक्रम करणाऱ्या केंद्रालाच द्यावा.