परदेशात पाइपची तंबाखू: तिथे विकत घ्यावी की सोबत न्यावी?

ब्रायरमूळ
माझं मत आधी मांडतो, मग तुटून पडा. पाइपची तंबाखू ज्या देशात जाल तिथेच विकत घ्यावी. सोबत न्यायचीच तर पहिल्या दोन-चार दिवसांपुरती, २० ग्रॅमच्या आत.

पहिलं कारण कस्टम्स. ब्रिटन, युरोपियन युनियनचे बहुतेक देश आणि जपान इथे विमानाने येणाऱ्याला २५० ग्रॅमपर्यंत मुभा आहे, पण सोबत सिगारेटी किंवा सिगार नसतील तरच. हाँगकाँगमध्ये ही मर्यादा २५ ग्रॅम. ऑस्ट्रेलियातही तेवढीच, आणि तिथे ती ओलांडली की फक्त जास्तीच्या वजनावर नाही, सगळ्याच तंबाखूवर कर बसतो. सिंगापुरात सूटच नाही, पहिल्या ग्रॅमपासून कर. म्हणजे ५० ग्रॅमची नेहमीची एक सीलबंद डबीसुद्धा या ठिकाणी डोकेदुखी होते.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चांगल्या दुकानात बरणी उघडून वास घेता येतो, चिमूट बोटांत धरून ओल तपासता येते आणि विकणाऱ्याशी बोलता येतं. ऑनलाइन मागवताना यातलं काहीच मिळत नाही.

मंदज्वाला
साफ असहमत. हिशेब मांडून बघा. मध्यम आकाराच्या पाइपमध्ये एका वेळी २ ते ३ ग्रॅम तंबाखू बसते. दिवसाला दोनदा ओढली तर दहा दिवसांना ५० ग्रॅम, फार तर ६०. लंडन, रोम, टोकियो कुठेही गेलात तरी हे मर्यादेच्या कितीतरी आत. मग मर्यादित सुट्टीतला अर्धा दिवस दुकान शोधण्यात का घालवायचा? जर्मनीत शनिवारी रात्री उतरलात तर रविवारी दुकानं बंदच. स्टेशनवरच्या किऑस्कमध्ये जे मिळेल ते बहुतेक वेळा व्हॅनिला नाहीतर चेरीचं पाकीट असतं.

आणि तेच पाकीट नेहमीच्या पाइपमध्ये भरलं की खरं नुकसान होतं. व्हर्जिनिया फ्लेक (व्हर्जिनिया पान दाबून कापलेल्या चकत्या) ओढायच्या पाइपमध्ये गोड सुवासिक तंबाखू जाळली की वास आतल्या कार्बनच्या थरात मुरतो आणि पुढच्या कित्येक वेळा तोच जाणवत राहतो. लाटाकियाचं (धुरावर वाळवलेलं उग्र वासाचं पान) तर विचारूच नका. प्रवासात एकच पाइप असतो, म्हणून तंबाखूही एकच हवी.

नेताना काळजी एवढीच: चौकोनी, चपट्या डब्या टाळा. बॅगेत कडेला दाब आला की त्यांचं झाकण हवा धरून राहत नाही आणि तंबाखू सुकते. गोल डबी टिकते. साध्या झिपच्या पिशवीतून वास आणि ओल दोन्ही निसटतात; डबीतून काढूनच न्यायची असेल तर फॉइलची, उष्णतेने बंद केलेली पिशवी वापरा आणि मूळ लेबल आत ठेवा. बिनलेबलची तपकिरी पिशवी दिसली की अधिकारी उघडून बघणारच.

कोपऱ्यावरचा
मी ब्रायरमूळ यांच्या बाजूने, पण एक अट घालून: कुठे शोधायचं ते घरूनच ठरवून निघा.

इटलीत मोठ्या 'टी'ची पाटी असलेली ताबाक्केरिया, फ्रान्समध्ये लाल शंकरपाळ्याच्या आकाराची पाटी असलेलं 'ताबा', ऑस्ट्रियात 'ट्राफिक'. इटली, फ्रान्स आणि जपानमध्ये किंमत सरकारी मंजुरीने ठरते; जर्मनीत ती करपट्टीवर छापलेली असते आणि दुकानदाराला त्यात सूट देता येत नाही. त्यामुळे स्वस्ताच्या शोधात वणवण करू नका. फरक असतो तो मालाच्या निवडीत. दहापैकी नऊ दुकानं सिगारेटींवर चालतात, पाइपच्या तंबाखूला एखादा कप्पा मिळतो. म्हणून नकाशावर नुसतं 'तंबाखू' न शोधता स्थानिक भाषेत 'पाइप' शोधा आणि फोटोंत पाइपचे रॅक दिसतात का ते बघा. नेदरलँड्समध्ये जुलै २०२३ पासून ऑनलाइन विक्री आणि जुलै २०२४ पासून सुपरमार्केटमधली विक्री बंद आहे, तिथे सरळ खास दुकानच गाठा.

अ‍ॅमस्टरडॅममध्ये रोकिन रस्त्यावरचं हायेनियस, लंडनमध्ये १९ सेंट जेम्सेस स्ट्रीटवरचं जे. जे. फॉक्स, डब्लिनमध्ये नासाऊ स्ट्रीटवरचं पीटरसन: ही तीन वाट वाकडी करून जाण्यासारखी. शिकागोचं इवान रीज १८५७ पासूनचं, पण ते वॉबॅश अ‍ॅव्हेन्यूवरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. रस्त्यावरून चालताना चटकन दिसत नाही आणि लोक पुढे निघून जातात.

इंग्लंडमध्ये अशा खास दुकानांना आत पाइप-सिगारचा नमुना ओढून बघू देण्याची कायद्याने मुभा आहे. प्रत्येक दुकान ती देतंच असं नाही, विचारा. आयर्लंडमध्ये मात्र सगळ्या डब्या एकाच मळकट रंगाच्या. नाव लिहून न्या, नाहीतर ओळखू येणार नाही. नावंही बदलली आहेत: डनहिल या ब्रँडच्या नावाने मिळायची ती 'अर्ली मॉर्निंग पाइप' आणि 'नाइटकॅप' ही मिश्रणं आता पीटरसनच्या नावाने मिळतात.

अर्धाऔंस
अमेरिकेला जाणाऱ्यांनी हे वाचाच. पेट्रोल पंपावर किंवा 'स्मोक शॉप'मध्ये 'पाइप टोबॅको' लिहिलेल्या मोठमोठ्या स्वस्त पिशव्या दिसतील. त्या घेऊ नका. २००९ मध्ये हाताने वळायच्या सिगारेटच्या तंबाखूवरचा केंद्रीय कर पौंडाला सुमारे २४.७८ डॉलर झाला आणि पाइपच्या तंबाखूवरचा फक्त २.८३ डॉलर झाला. तेव्हापासून सिगारेटची बारीक तंबाखू पाइपचं लेबल लावून विकली जाते. पाइपमध्ये ती भराभर आणि गरम जळते, जीभ पोळते. खरं दुकान हवं असेल तर 'टोबॅकोनिस्ट' किंवा सिगार लाउंज शोधा. वय २१ पूर्ण हवं, पासपोर्ट जवळ ठेवा.

मंदज्वाला
@अर्धाऔंस, म्हणजे माझाच मुद्दा. अनोळखी बाजारात फसायची शक्यता जास्त. आणि बरणीतल्या 'खास आमच्या मिश्रणा'चं एवढं कौतुक नको. अमेरिकेतल्या कितीतरी दुकानांतलं गोड 'हाउस ब्लेंड' म्हणजे लेन कंपनीचं १-क्यू हे तयार मिश्रण, नाव फक्त दुकानाचं. तेच घरबसल्या मागवता येतं.

ब्रायरमूळ
@मंदज्वाला, ते गोड सुवासिक मिश्रणांबद्दल खरं आहे, सगळ्यांबद्दल नाही. थेट विचारायचं: यात कोणकोणती पानं आहेत आणि मिसळता कुठे? स्वतः मिसळणारा माणूस व्हर्जिनिया, बर्ली, पेरीक अशा पानांचं साधारण प्रमाण लगेच सांगतो. 'ती आमची गुप्त कृती' असं उत्तर आलं तर सीलबंद डबी घ्या. चाळीस बरण्यांतून दोन निवडून २५-२५ ग्रॅम तोलून घेण्यात काय धोका आहे? पिशवीवर नाव आणि वजन लिहून घ्या आणि बिल त्यातच ठेवा, परतताना वजनाचा वाद होत नाही.

स्टेमवाला
तुम्ही दोघंही तंबाखूवरच अडलात. तंबाखू घरून न्यावी आणि दुकानात जाऊन पाइप घ्यावा, असं माझं ठाम मत. फोटोवरून पाइप निवडता येत नाही, तो हातातच घ्यावा लागतो.

काउंटरवर एवढं करा. दुकानदाराला विचारून स्टेमच्या (तोंडात धरायच्या नळीच्या) टोकातून पाइप क्लीनर (धागे गुंडाळलेली लवचिक तार) घाला. फिल्टर काढलेला हवा. न अडखळता तो वाटीच्या (तंबाखू भरायच्या भागाच्या) तळाशी निघाला पाहिजे. वाकड्या पाइपमध्ये स्टेम आणि शँकच्या (वाटीला जोडून असलेल्या नळीच्या) सांध्याशी अडला तर तिथे ओल साचून गुडगुड होणार, घेऊ नका. पीटरसनचा 'सिस्टिम' प्रकारचा पाइप याला अपवाद: त्यात ओल जमायला मुद्दाम खळगा ठेवलेला असतो, क्लीनर अडतोच. मग वाटीत उजेड पाडून बघा. धुराचं भोक अगदी तळाशी आणि मधोमध हवं. वर असेल तर तळाची तंबाखू कधीच नीट जळत नाही. शेवटी सांधा उजेडासमोर धरा, फट दिसता कामा नये.

जर्मनी-इटलीतले बरेच पाइप ९ मिमी फिल्टरचे असतात. घरी ते फिल्टर मिळत नसतील तर पाकिटं तिथेच घ्या किंवा अडॅप्टर मागून घ्या. बिल मोठं असेल तर टॅक्स-फ्रीचा, म्हणजे कर परत मिळण्याचा, फॉर्म मागा आणि बॅग चेक-इन करण्याआधी कस्टम्सचा शिक्का घ्या, कारण अधिकारी वस्तू बघायला मागू शकतो. ब्रिटनमध्ये लंडनसह पर्यटकांची ही परतफेड २०२१ पासून बंद आहे.

अर्धाऔंस
लायटरचंही लक्षात ठेवा. जेट ज्योतीचा लायटर केबिनमध्ये चालत नाही, गॅसचा रिफिल कॅन कुठल्याच बॅगेत चालत नाही. मऊ ज्योतीचा एक साधा लायटर बहुतेक ठिकाणी अंगावर ठेवू देतात. ब्लेड असलेलं पाइप टूल चेक-इनच्या बॅगेत टाका.

मंदज्वाला
@स्टेमवाला, हे पटलं. पाइपसाठी दुकान, तंबाखूसाठी नाही.

ब्रायरमूळ
मला नाही पटलं. नवीन पाइपला कोणताही वास मुरलेला नसतो, म्हणजे तुमची अडचण तिथेच सुटते: नवा पाइप आणि त्याच दुकानातली तंबाखू, जुना पाइप आणि घरची तंबाखू. फक्त बरणीतली तंबाखू घेतली की लगेच भरू नका, बहुधा ती जास्त ओली असते. चिमूट दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर कागदावर पसरून अर्धा तास ठेवा आणि पुन्हा दाबा. हळूहळू उलगडली की भरायला तयार. कुरकुरली तर जास्त सुकली.