ऐतिहासिक, प्रेमकथात्म आणि संतांच्या जीवनावरील कादंबऱ्या: निवड कोणत्या कसोटीवर करावी?

प्रश्न: मंगळवारपेठेतील वाचक

नमस्कार. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचे एक छोटे वाचनमंडळ आहे. दर महिन्याला कोणाच्या तरी घरी जमायचे आणि सर्वांनी वाचलेल्या एका कादंबरीवर बोलायचे, एवढाच त्याचा व्याप. पुढच्या वर्षाची पुस्तके ठरवण्याचे काम या खेपेस माझ्याकडे आले आणि मंडळात चक्क तीन तट पडले. काहींना केवळ ऐतिहासिक कादंबऱ्या हव्या आहेत, आणि 2025 मध्ये ‘छावा’वरचा चित्रपट आल्यापासून त्यांचा आवाज चांगलाच चढला आहे. मंडळातील ज्येष्ठ भगिनींना संतांच्या जीवनावरील कादंबऱ्या वाचायच्या आहेत. आणि नव्याने आलेल्या मुलींचे म्हणणे असे की, प्रेमकथेला आपण इतकी वर्षे उगाचच कमी लेखत आलो.

माझे मत लपवत नाही. ऐतिहासिक कादंबरी मी आवडीने वाचते, पण तिच्यातील बहुतेक स्त्रिया मला खटकतात. नायक मोहिमेवर निघाला की ओवाळायचे, परतला की पुन्हा ओवाळायचे आणि मधल्या काळात गवाक्षाशी उभे राहायचे, यापलीकडे त्यांना फारसे काम नसते. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’त (1962) माधवराव आणि रमाबाई यांच्या सहवासाला जी जागा मिळाली, तिच्यामुळेच ती कादंबरी घरोघरी पोचली असे मला वाटते, परंतु पेशवे दप्तरात राजकारण सापडते, हिशेब सापडतात, पतीपत्नींचे एकांतातील बोलणे तिथे कुठून सापडणार? म्हणजे ज्या भागावर आपण सर्वाधिक लुब्ध होतो, तोच सर्वस्वी लेखकाचा. ग्रंथालयातून आणलेल्या प्रतीत अशाच एका संवादाशेजारी कोणीतरी पेन्सिलीने ‘आधार?’ असे लिहिले होते आणि त्याखाली दुसऱ्या कोणीतरी निळ्या शाईने ‘कादंबरी आहे, कोर्टातला दावा नव्हे’ असे उत्तर दिले होते. ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये हे खरेच, पण आमच्या मंडळातला वाद त्या दोन ओळींत पुरता आला आहे.

तेव्हा जाणकारांना विचारते: या तिन्ही प्रकारांतील कादंबऱ्यांना एकच कसोटी लावता येईल का, की प्रत्येकीची वेगळी?

उत्तर: निवृत्त इतिहास-शिक्षक

ताई, कसोटी एकच असावी असे माझे मत आहे. कागद कुठे संपतो हे लेखकाला ठाऊक आहे का, आणि तो संपल्यावर पुढचा मजकूर त्याने केवळ वाचकाला गोड लागावा म्हणून रचला की त्या माणसाचा ठाव घेण्यासाठी, एवढेच मी पाहतो. आधार मागणारा वाचकही बरोबर आहे आणि त्याला उत्तर देणाराही. फक्त दोघांनी प्रश्न अर्धवट सोडला.

संभाजी महाराजांचेच उदाहरण घ्या. 1681 मध्ये त्यांनी बाळाजी आवजी चिटणीस यांना देहदंड दिला. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी त्याच घराण्यातील मल्हार रामराव चिटणीस यांनी बखर लिहिली, आणि तिच्यात महाराजांची जी प्रतिमा उतरली, ती नाटककार व कथाकार अधिकाधिक भडक रंगवत गेले. आपल्या पन्हाळ्याशी जोडलेली थोरातांच्या कमळेची गोष्ट याच पठडीतली आहे. तिला समकालीन पुरावा नाही, पण प्रेमकथा म्हणून ती रंगतदार असल्यामुळे लोकांच्या तोंडी बसली आणि एका राजाचे चारित्र्य तिने पिढ्यान् पिढ्या डागाळले. वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल साधने धुंडाळून 1960 मध्ये महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले, डॉ. कमल गोखले यांनी ते काम पुढे नेले, आणि त्यानंतर आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी ‘छावा’ लिहिली. संशोधन अभ्यासकांपुरते राहिले असते. सामान्य घरांत ते पोचवले कादंबरीने. याची दुसरी बाजू अशी की, ज्या वाचकाने बेंद्र्यांचे नावही ऐकलेले नाही, तो कादंबरीतील संवाद इतिहास म्हणून सांगत सुटतो. हे मी वर्गात फार सोसले आहे.

स्त्रियांविषयीची तुमची तक्रार मला मान्य आहे, आणि तिच्यावरचा उताराही आपल्याच गावात आहे. कावळा नाक्यावरचा ताराराणींचा अश्वारूढ पुतळा आपण रोज पाहतो, पण त्या पुतळ्यात 1700 ते 1707 एवढीच वर्षे मावतात: ऐन पंचविशीत वैधव्य आले असता औरंगजेबाशी दिलेली झुंज. पुढची पन्नासहून अधिक वर्षे कोणी विचारात घेत नाही. 1714 मध्ये सवत राजसबाई यांनी त्यांना व त्यांच्या पुत्राला पदच्युत करून कैदेत टाकले. 1749 मध्ये छत्रपती शाहू निवर्तल्यावर, आपण लपवून वाढवलेला नातू म्हणून ताराबाईंनीच रामराजांना साताऱ्याच्या गादीवर आणले. ते आपल्या मुठीत राहात नाहीत असे दिसताच 1750 मध्ये त्यांना किल्ल्यात कैद केले. आणि 1752 मध्ये जेजुरीला, नानासाहेब पेशव्यांच्या समक्ष, खंडोबापुढे शपथ घेऊन सांगितले की, हा आपला नातू नव्हेच. कागद इथे थांबतो. देवापुढे उभ्या असलेल्या त्या वृद्ध स्त्रीने खरे सांगितले की खोटे? खोटे असेल तर नातवाला नाकारताना तिच्या मनात काय चालले असेल, आणि खरे असेल तर मुळात त्या मुलाला नातू म्हणून उभे करताना काय चालले असेल? इतिहासकार साधकबाधक पुरावा मांडून थांबेल आणि त्याने थांबावेच. कादंबरीकाराचे काम नेमके तिथून सुरू होते. अशा जागी जो लेखक ओवाळणीचे ताट आणून ठेवतो, त्याचे पुस्तक यादीत घेऊ नये.

उत्तर: राजारामपुरीतील वाचक

सरांचे जेजुरीचे उदाहरण मोलाचे आहे, परंतु कमळेच्या गोष्टीचा दोष प्रेमकथेच्या माथी मारला गेला, हे मान्य नाही. तो दोष ऐतिहासिक माणसांची नावे उसनी घेण्याचा आहे. निखळ प्रेमकथा लिहिणाऱ्याला ना सिंहासनाचा आधार असतो, ना पांडुरंगाचा. दोन माणसे वाचकाला खरी वाटली नाहीत तर त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही उरतच नाही.

आपल्या गावाला तर या वादाची मोठी परंपरा आहे. ‘कलेसाठी कला’ म्हणणारे ना. सी. फडके राजाराम महाविद्यालयात शिकवत होते आणि ‘जीवनासाठी कला’ म्हणणारे वि. स. खांडेकरही इथेच राहत होते. फडक्यांच्या कादंबऱ्यांतील चहाचे पेले, टेनिसची मैदाने आणि देखणे प्राध्यापक यांची टिंगल करणे सोपे आहे. पण प्रेमात पडलेली शिकलेली मुलगी आपल्या इच्छेविषयी बोलू शकते, हे त्या काळच्या असंख्य वाचकांनी तिथेच प्रथम वाचले. आणि ज्या ‘ययाति’ला (1959) पुढे ज्ञानपीठ मिळाले, तिला आपण कोणत्या फळीवर ठेवणार? कथा महाभारतातली, विषय कामवासनेचा, आणि निवेदन ययाति, देवयानी व शर्मिष्ठा यांच्या तोंडून. माझ्या मते ती प्रेमाविषयीचीच कादंबरी आहे, अर्थात प्रेम न जमलेल्या माणसाची. तिच्यातील सुविचारांचा भार मला आता जड वाटतो, परंतु देवयानीचा अहंकार आजही तसाच झोंबतो.

उत्तर: वारकरी घरातील वाचक

आमच्या घरात वारीची परंपरा आहे, त्यामुळे संतांवरील कादंबऱ्यांविषयी मी थोडे विस्ताराने लिहितो. अडचण अशी की, या कादंबऱ्या कादंबरी म्हणून वाचल्याच जात नाहीत. माझी आई असे पुस्तक देवघरात, हरिपाठाशेजारी ठेवते, आंघोळ झाल्यावरच हातात घेते आणि वाचून झालेल्या पानात खूण म्हणून अंगाऱ्याची पुडी ठेवते. तिला कथानक सैल आहे की घट्ट याच्याशी कर्तव्य नाही. असा वाचक समोर असताना लेखकाची जबाबदारी वाढायला हवी. बहुतेकांची ती सैल होते, कारण दोन प्रकरणे संपली की चमत्कार हाताशी असतोच. भिंत चालते, रेड्याच्या मुखातून वेद येतात, आणि त्या क्षणी माणसाचा संघर्ष आपोआप मिटतो.

खुद्द संतांनी असे केलेले नाही. 1630 च्या दुष्काळाविषयी तुकोबांनी अभंगात स्वच्छ सांगितले आहे की, द्रव्य आटले, मान गेला आणि एक बायको ‘अन्न अन्न’ करीत मेली. इतकी उघडी कबुली देणाऱ्या माणसाची कथा सांगताना कादंबरीकार या ओळीवरून घाईने पुढे जातात आणि इंद्रायणीतून तरंगून आलेल्या गाथेपाशी मुक्काम ठोकतात. परंपरा असेही सांगते की, गाथा बुडवली जाण्याच्या कितीतरी आधी तुकोबांनी स्वतःच आपल्या वाट्याची सावकारीची खतपत्रे त्याच नदीत बुडवली होती. महाजनकी असलेल्या घरातील, दिवाळे निघालेल्या दुकानदाराने कुळांकडचे येणे सोडून देणे, आणि तेही धाकट्या भावाचा वाटा त्याला वेगळा काढून देऊन, हा प्रसंग मला गाथेच्या चमत्काराहून अवघड वाटतो. ज्या लेखकाला ते खत हातात धरलेला तुकाराम दिसतो, त्याचे पुस्तक मी डोळे झाकून घेईन. गो. नी. दांडेकरांनी ज्ञानेश्वर, तुकाराम आणि रामदास या तिघांवरही कादंबऱ्या लिहिल्या. भक्ती न सोडता माणूस आणि मुलूख डोळ्यांपुढे उभा करणारी भाषा त्यांच्यापाशी आहे. सुरुवात तिथून करावी.

आणखी एक सुचवतो, मंडळात कपाळाला आठ्या पडल्या तरी चालतील. मराठीतील पहिली मानली जाणारी कादंबरी, बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (1857), ही श्रद्धेचीच कादंबरी आहे. श्रद्धा ख्रिस्ती आहे इतकेच. लेखकाने स्वतः धर्मांतर केले होते आणि कथेतील यमुनाही विधवा झाल्यावर अखेरीस ख्रिस्ती होते. शेवट लेखकाने आधीच ठरवलेला आहे हे पानोपानी जाणवते, आणि तरीही वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या हकीकती आजही अंगावर येतात. पुढे 1861 मध्ये हळब्यांची अद्भुतरम्य ‘मुक्तामाला’ आली आणि 1871 मध्ये गुंजीकरांची ऐतिहासिक ‘मोचनगड’. म्हणजे आपल्या मंडळातील तिन्ही तट मराठी कादंबरीच्या पहिल्या चौदा वर्षांतच पडले होते.

मंगळवारपेठेतील वाचक

सर्वांचे आभार. जेजुरीच्या शपथेविषयी मंडळात वाचून दाखवले, तेव्हा तिन्ही तट प्रथमच एका विषयावर भांडले. ज्येष्ठ भगिनींचे एकमुखी मत पडले की, खंडोबापुढे कोणी खोटे बोलणार नाही, आणि मुलींचे मत बरोबर उलट. ‘यमुनापर्यटन’, ‘ययाति’ आणि दांडेकरांची तुकोबांवरील कादंबरी या तिघी नक्की केल्या आहेत. ऐतिहासिक म्हणून काहींनी ‘मृत्युंजय’ सुचवली आहे. ती यादीत घ्यावी का?

निवृत्त इतिहास-शिक्षक

अवश्य घ्यावी, फक्त ‘ऐतिहासिक’ हा शिक्का काढून. कर्ण महाभारतातला, त्याला दप्तर नाही, बखर नाही, त्यामुळे सावंतांना 1967 मध्ये जी मोकळीक मिळाली ती ‘छावा’ लिहिताना मिळणे शक्य नव्हते. पुस्तक जाडजूड आहे, परंतु निवेदक सहा आहेत: कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण. मंडळातील सहा जणींनी एकेक निवेदक वाटून घेतला तर महिनाभरात चर्चेपुरते होईल. श्रीकृष्णाचे निवेदन अखेरीस येते, तेव्हा ते जिच्या वाट्याला येईल तिने आधीचे सगळे वाचूनच बैठकीला यावे.