सोलकढीत कण दिसतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मालवणात एका छोट्या हॉटेलात स्वयंपाकघर सांभाळतो.

सकाळी केलेली सोलकढी दुपारच्या जेवणाला मस्त असते. रात्रीसाठी उरलेली फ्रीजमध्ये ठेवली की वर पांढरा घट्ट थर, खाली गुलाबी पाणी. नारळाच्या दुधातलं खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, तेव्हा थर येणारच, हे कळतं. पण ढवळल्यावरही बारीक कण राहतात. काल एका गिऱ्हाइकाने चमच्यावर कण धरून विचारलं, "दादा, नासली काय ही?" नासली नव्हती हो! पण वाद कोण घालणार, बिलातून काढली.

मालक म्हणतात, सकाळीच दहा लिटर करून ठेव. आणि रात्री ताजी काढायला हात कुठून आणू? शनिवारी तारकर्लीचे पर्यटक उतरले की तिन्ही तव्यांवर सुरमई, त्यात भाकऱ्या करणाऱ्या मावशी नेमक्या त्याच दिवशी सुट्टीवर.

आगळ (कोकमाचा खारवलेला रस) कमी करून पाहिलं, चव गेली. पाकिटातलं नारळाचं दूध आणलं, कण गेले; पण इथला माणूस पहिल्या घोटातच ओळखतो आणि तोंड वाकडं करतो.

दूध आणि आगळ वेगवेगळं ठेवून ऑर्डर आल्यावर मिसळणारं कोणी आहे का? लिटरभर दुधाला आगळ किती घेता? आगळात मीठ असतंच, मग वरून घालता का? आणि मे महिन्याच्या उकाड्यात नुसतं दूध बाहेर किती वेळ ठेवता?