मुलगा अठरा वर्षांचा होतो आहे : कायदेशीर पालकत्वाबाबत मदत हवी आहे

आमचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) असून येत्या मार्चमध्ये तो 18 वर्षांचा होईल. तो अज्ञान (अल्पवयीन) असल्याने त्याचे बँकेतील खाते पालक म्हणून माझ्या नावे चालते. परंतु तो सज्ञान झाल्यावर पालकत्वाचे प्रमाणपत्र आणल्याशिवाय व्यवहार करता येणार नाहीत, असे बँकेने तोंडी सांगितले आहे. (लेखी मागितले, तर 'नंतर या' एवढेच उत्तर मिळाले.)

1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार, जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे यासाठी अर्ज करता येतो, हे मला ठाऊक आहे. मात्र 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाची, म्हणजे त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून घ्यायच्या संयुक्त निर्णयाची तरतूद आहे आणि माझे मन तिथेच अडकले आहे. तो फारसा बोलत नसला, तरी स्वतःचे कपडे स्वतः निवडतो, सही करतो आणि नको असलेल्या गोष्टीला ठाम नकार देतो. केवळ बँकेच्या सोयीसाठी त्याचे सगळेच निर्णय आमच्या हाती घेणे मला पटत नाही.

ज्या पालकांनी ही प्रक्रिया पूर्ण केली आहे, त्यांनी कोणता मार्ग निवडला? मर्यादित पालकत्वाचा कागद बँकेने स्वीकारला का? समितीने मुलाला समक्ष बोलावले होते का, आणि अनोळखी कार्यालयातील गोंगाटासाठी आपण त्याची तयारी कशी करून घेतली? आमच्या पश्चात त्याची पालक म्हणून धाकट्या मुलीचे नाव लावावे का, हाही प्रश्न आहे. ती अवघी चौदा वर्षांची असल्याने तिला आताच विचारणे मला जड जाते.