मेल ब्लँक: डॅफी आणि सिल्व्हेस्टर खरंच एकच आवाज? (आणि रेडिओ कुठून ऐकायला घ्यावा?)

कानसेन

वॉर्नर ब्रदर्सच्या जुन्या कार्टूनांतले बग्ज बनी, डॅफी डक, पोर्की पिग, सिल्व्हेस्टर मांजर, ट्वीटी, योसेमिटी सॅम हे सगळे आवाज अमेरिकन कलाकार मेल ब्लँकचे, इथवर ठाऊक आहे. अडतंय ते पुढे.

डॅफी आणि सिल्व्हेस्टर दोघेही 'स' म्हणताना समोरच्याला आंघोळ घालतात. आवाज एकच, फक्त डॅफीचा पळवलेला, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. पण ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सिल्व्हेस्टरचा तुकडा वर चढवून पाहिला तर डॅफी काही येत नाही, हेलियम प्यायलेलं मांजर येतं. चुकतंय कुठे?

शिवाय: गाजराची त्याला ॲलर्जी होती हे खरं का? आणि तो मुळात रेडिओचा माणूस, तर ते काम ऐकायला सुरुवात कुठून करावी? ढिगाने भाग आहेत, आणि ज्यात तो सापडेल असा भाग हाताला लागत नाही. जाणकारांनी सांगावं.

काळी_एक

आवाज एकच, हे बरोबर. चूक प्रयोगाच्या दिशेत आहे.

किती टक्के चढवलात ते लिहिलं नाहीत, पण हेलियम म्हणताय म्हणजे तीस-चाळीसच्या घरात असणार. एवढा नको. पेटीच्या भाषेत सांगतो: वेग १२ टक्के वाढवला की सूर दोन पट्ट्या चढतो, म्हणजे काळी एकचा सा काळी दोनवर. १९ टक्क्यांना तीन, म्हणजे काळी एकवरून पांढरी तीनवर. या दोन आकड्यांच्या मधेच फिरा.

पण आकडा बरोबर घेऊनही सिल्व्हेस्टरचा डॅफी होणार नाही. कारण सिल्व्हेस्टरचं वाक्य सिल्व्हेस्टरच्याच चालीत बोललेलं आहे. ते पळवलं की सूर चढतो आणि बोलणंही घाईचं होतं. डॅफी करताना ब्लँकला माहीत असायचं की हे पुढे पळवलं जाणार, म्हणून तो मुळातच सावकाश बोलायचा. पडद्यावर दहा सेकंद हवी असतील आणि १९ टक्के चढवायचं असेल, तर माइकसमोर जवळजवळ बारा सेकंद घ्यावी लागतात. हे सावकाश बोलणं रेंगाळलेलं वाटून चालत नाही. चिडचिड तितकीच हवी, शब्दांवरचे आघात तितकेच टोकदार हवेत. खरं कसब तिथे आहे.

म्हणून उलट करा: डॅफी घ्या आणि खाली उतरवा. इथे हमखास होणारी एक चूक म्हणजे १९ टक्के चढवलेलं उतरवायला उणे १९ टाकणं. गणित उणे १६ चं आहे (१ भागिले १.१९). वेग आणि सूर दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय वापरा. नुसता सूर बदलणारा वापरलात तर लांबी तीच राहते आणि आवाजाला पत्र्याच्या डब्यातला कंप येतो.

तुकडा निवडताना मागे वाद्यं नसलेली आठ-दहा सेकंदं शोधा. या कार्टूनांचा संगीतकार कार्ल स्टॅलिंग, त्याचा वाद्यवृंद सहसा गप्प बसत नाही, पण बाचाबाचीच्या प्रसंगात थांबतो. वाद्यं आली तरी बिघडत नाही म्हणा: डॅफी उतरवल्यावर बोलणं माणसासारखं वाटतं आणि मागचं संगीत मात्र बैलगाडीत बसतं. म्हणजे पळवलेला फक्त आवाज होता, संगीत नंतर सरळ वेगाने जोडलं, याचा पुरावा तिथेच मिळतो.

एक खोड आधी तपासा. युरोपातल्या पाल पद्धतीच्या डिस्कवर सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ ने चालतो. सात मिनिटांचं कार्टून सतरा सेकंद आधी संपतं, आणि सूर दुरुस्त केलेला नसेल तर पाऊण पट्टी आधीच चढलेली असते. नेटवरचे तुकडे तर कुणी किती पळवलेत त्याचा हिशेब नाही.

खारी_बटर

वरच्या प्रतिसादात थोडी भर, 'स' बद्दल.

दोघांचा 'स' सारखाच ओला आहे: जीभ दातांच्या पुढे येते, वारा दोन्ही गालांकडून निसटतो, आणि 'स' व 'श' च्या मधलं काहीतरी लाळेसकट बाहेर पडतं. पळवलं की हा फवारा बारीक आणि कोरडा होतो, म्हणून डॅफी कमी थुंकतो असं वाटतं. हा दोष निर्माता लिऑन श्लेसिंगरच्या बोलण्यावरून उचलला, अशी स्टुडिओतली प्रसिद्ध गोष्ट आहे. ब्लँकने स्वतः कारण दिलं ते बदकाच्या लांब चोचीचं.

ट्वीटीचं व्याकरण वेगळं. तो 'स' चा 'ट' करतो, 'कॅट' चा 'टॅट' करतो. आपल्याकडे लहान मूल 'साखर' ला 'ताखल' म्हणतं तोच बोबडेपणा, वर पळवलेला. पोर्कीचं त्याहून मजेदार. तो अडखळतो, अडखळतो, आणि शेवटी तो शब्दच सोडून देऊन दुसराच शब्द म्हणतो. विनोद अडखळण्यात कमी आणि त्या शरणागतीत जास्त.

पोर्कीचा आधीचा आवाज जो डोअर्टीचा होता, आणि त्याला खरोखरच तोतरेपणा होता. वाक्य कुठे अडेल ते त्याच्या हातात नव्हतं, ध्वनिमुद्रणात फिल्मचे फूटच्या फूट वाया जायचे. फिल्म मिनिटाला ९० फूट जाते, आणि तेव्हा ध्वनी फिल्मवरच प्रकाशाने छापला जायचा, पुसून परत घेता यायचा नाही. १९३७ मध्ये काम ब्लँककडे आलं. त्याचं अडखळणं मोजून होतं, तिसऱ्या 'ब' ला थांब म्हटलं की तिसऱ्यालाच थांबणारं. त्याच वर्षीच्या 'पोर्कीज डक हंट' मध्ये डॅफीही पहिल्यांदा आला.

कानसेन

@काळी_एक, उणे १६ ने लगेच जमलं. डॅफीच्या आतून सिल्व्हेस्टरच बाहेर आला! आता एक शंका: दोन पात्रांचं भांडण असेल आणि दोन्ही आवाज ब्लँकचेच, तर एका दमात करायचा का?

काळी_एक

ज्याचा वेग बदलायचा ते पात्र वेगळं घ्यावंच लागतं, नाहीतर दुसऱ्याचाही आवाज चढेल. तेव्हा अशा जोडीत एका पात्राची सगळी वाक्यं आधी, दुसऱ्याची नंतर, आणि मग संपादनात जुळवायची. आणि हे सगळं चित्र काढण्याआधी. डबिंगमध्ये आपण तयार ओठांवर शब्द बसवतो, इथे उलटी गंगा: आवाज आधी, चौकटींत मोजून कागदावर उतरवलेला, आणि ॲनिमेटर त्यावरून तोंड काढणार. म्हणजे डॅफी रागावताना कुठे श्वास घेतो हे ब्लँकने आधी ठरवलेलं असतं.

याचा कळस ऐकायचा तर दिग्दर्शक चक जोन्सचं १९५१ चं 'रॅबिट फायर'. त्यात डॅफी सशाचं सोंग घेऊन येतो आणि बग्ज बदकाचं. ब्लँक इथे बग्जचा आवाज काढत नाही, बग्जची नक्कल करणाऱ्या डॅफीचा काढतो. डॅफीला ती नक्कल धड जमत नाही, बग्जला मात्र डॅफीची जमते. हेडफोन लावून ऐका: सशाच्या कानांखालून बदकाचा 'स' डोकावतो. हजार आवाजांचा माणूस म्हणून त्याचं कौतुक होतं, ते मला नेहमी थोडं चुकीचं वाटतं. आवाज मोजणं सोपं आहे, एका आवाजात दुसऱ्याचा स्वभाव अर्धवट मिसळणं अवघड.

गाजरपारखी

गाजराची ॲलर्जी: नाही. ही दंतकथा आहे, त्याने स्वतः खोडली होती.

खरी अडचण साधी होती. कच्चं गाजर चावायला वेळ लागतो, गिळेपर्यंत पुढचं वाक्य येऊन ठेपतं, आणि तोंडात तुकडे असताना स्पष्ट बोलता येत नाही. म्हणून क्रम असा: माइकजवळ कचकन चावा, जवळच्या भांड्यात थुंका, मग वाक्य. सफरचंद, सेलरी असे पर्याय करून पाहिले, पण आवाज तसा येईना. सफरचंदाचा कडाका ओला आणि आखूड असतो, सेलरीच्या दोऱ्या ओढल्या जातात. गाजराचा तुटण्याचा आवाज कोरडा, आणि त्यामागून चावण्याचे तीन-चार ठोके स्वच्छ येतात. घरी करून पाहणार असाल तर फ्रिजमधलं थंड, जाड गाजर घ्या. दोन दिवस बाहेर राहून लवचिक झालेलं वाकतं, तुटत नाही.

आता 'सगळे त्याचेच' याबद्दल. श्रेयनामावलीवर विसंबू नका. ब्लँकने पगारवाढ मागितली, श्लेसिंगरने दिली नाही, तेव्हा त्याने पडद्यावर नाव मागितलं आणि मिळवलं. १९४४ पासून नाव झळकू लागलं. परिणाम असा की त्याच कार्टूनमधले बाकीचे आवाज वर्षानुवर्षं निनावी राहिले. एल्मर फड हा शिकारी आर्थर क्यू. ब्रायनचा, १९५९ मध्ये ब्रायन गेला तोपर्यंत. ट्वीटीची मालकीण ग्रॅनी आधी बी बेनाडेरेटची, मग जून फोरेची. रोडरनरचं 'बीप बीप' तर पार्श्वभूमी रंगवणाऱ्या पॉल ज्युलियनचं. ब्लँक थोर होताच, पण ही मंडळी झाकली गेली ती त्याच्या करारामुळे, हेही लिहून ठेवायला हवं.

रविवार_सात

रेडिओचं मी सांगतो.

भाग सापडत नाहीत कारण शोधताना ब्लँकचं नाव टाकताय. ज्या विनोदी कलाकाराच्या कार्यक्रमात तो असायचा त्या जॅक बेनीचं नाव टाका. तेही पुरत नाही, कारण कार्यक्रमाचं नाव प्रायोजकावरून बदलायचं: १९४२ पर्यंत जेल-ओ, मग दोन वर्षं ग्रेप-नट्स, १९४४ पासून लकी स्ट्राइक. इंटरनेट आर्काइव्हवर फायलींच्या नावात बहुधा तारीख असते. सुरुवात १९४५ ते १९५० च्या भागांपासून करा. १९३९ च्या सुमाराला ब्लँक तिथे आला तो कारमायकेल नावाच्या ध्रुवीय अस्वलाची गुरगुर करायला. शब्द नाहीत, नुसती गुरगुर.

ऐकायच्या तीन गोष्टी.

बेनीची खटारा मॅक्सवेल गाडी. ब्लँक सांगायचा की इंजिनाच्या आवाजाची तबकडी ऐनवेळी वाजली नाही आणि त्याने माइक पकडून तोंडानेच गाडी चालू केली. नीट ऐका, त्यात क्रम आहे: आधी कोरडा खोकला, मग दोन-तीन फसलेले झटके, मग घरघर, आणि 'आता लागली' असं वाटताच उचकी देऊन बंद. अभिनेत्याने केलेली गाडी आणि ध्वनिपरिणामाची गाडी यात फरक हाच, की ही गाडी आधी आशा दाखवते.

दुसरी, रेल्वे स्टेशनवरचा निवेदक. ॲनाहाइम, अझूसा आणि कुक... अमंगा. विनोद सगळा त्या 'कुक' आणि 'अमंगा' मधल्या खंडात. भागागणिक तो खंड लांबवत नेला, इतका की मधे दुसरा प्रसंग होऊन जायचा आणि मग 'अमंगा' यायचं. नभोनाट्यात शांतता धोक्याची असते, ऐकणाऱ्याला रेडिओ बंद पडला असं वाटतं. इथे तीच शांतता कामाला लावली आहे.

तिसरी, 'सी, साय, स्यू, सो' हा संवाद. अख्खा प्रसंग चार एकाक्षरी उत्तरांवर. बेनी प्रश्न विचारतो, समोरचा मठ्ठपणे एकेक अक्षर परत देतो, आणि थोड्या वेळाने हसू बेनीलाच आवरत नाही. त्यातला मेक्सिकन ढब आज खटकतो, खटकायलाच हवा. पण उत्तर देण्याआधी अर्धा श्वास थांबायचं त्याचं गणित शिकण्यासारखं आहे.

तांत्रिक सूचना: बऱ्याच फायली ३२ केबीपीएसच्या एमपी३ आहेत. त्यात वरचे स्वर छाटले जातात आणि पहिला बळी 'स' जातो, म्हणजे ब्लँकचा अर्धा खेळ. १२८ ची प्रत मिळाली तर तीच घ्या. एएफआरएस म्हणजे अमेरिकन सैनिकांसाठीच्या रेडिओसेवेच्या प्रतींतून जाहिराती काढलेल्या असतात, त्यामुळे जाहिरातींवर रचलेले विनोद अधांतरी लटकतात.

त्याचा स्वतःचा 'मेल ब्लँक शो' (सीबीएस, १९४६-४७) शेवटी ठेवा. एकच हंगाम चालला. त्यात ब्लँक नायक आहे, आणि तोच त्याचा दोष: नायकाला बहुतेक वेळ सरळ आवाजात बोलावं लागतं. बेनीकडे तो चाळीस सेकंदांसाठी यायचा आणि प्रसंग खाऊन जायचा.

खारी_बटर

@रविवार_सात, शेवटच्या परिच्छेदाशी सहमत.

रेडिओ कार्टूनमध्ये कसा झिरपला त्याचं उदाहरण: फॉगहॉर्न लेगहॉर्न कोंबडा (१९४६). त्याचं गडगडाटी, एकच शब्द पुन्हापुन्हा म्हणणारं बोलणं फ्रेड ॲलनच्या रेडिओ कार्यक्रमातल्या सिनेटर क्लॅगहॉर्नच्या वळणाचं आहे. क्लॅगहॉर्न करायचा केनी डेलमार. दोन्ही लागोपाठ ऐकले की कोंबड्याचं बोट सिनेटरकडे असल्याचं लगेच कळतं.

अपघाताचा उल्लेख कुणी केला नाही. २४ जानेवारी १९६१, सनसेट बुलेव्हार्डवर समोरासमोर टक्कर, मग सुमारे दोन आठवडे बेशुद्धी. नावाने हाक मारून उत्तर येईना, तेव्हा डॉक्टरने 'बग्ज, कसा आहेस?' असं विचारलं, आणि उत्तर बग्जच्या आवाजात आलं. हा किस्सा सगळ्यांना पाठ असतो. कानाने तपासता येईल अशी गोष्ट मात्र 'फ्लिंटस्टोन्स' या कार्टून मालिकेत आहे. बार्नी रबल ब्लँकचा. तो अंथरुणावर होता तेव्हा काही भाग डॉज बटलरने केले, आणि नंतर ब्लँकच्या घरीच, तो प्लास्टरमध्ये आडवा असताना, वर माइक टांगून ध्वनिमुद्रण झालं. अगदी सुरुवातीच्या भागांतला बार्नी नाकातला आहे, पुढचा छातीतला. मधे बटलरचा बार्नी येतो तो हसण्यावर पकडा: ब्लँकचं हसू पोटातून ढकललेलं, बटलरचं गळ्यातच राहतं.

कानसेन

आठवड्याचा अभ्यास मिळाला. योसेमिटी सॅम घरी काढून पाहतोय, दोन वाक्यांत घसा बसतो. काही युक्ती?

काळी_एक

नाही. ब्लँकलाही तोच आवाज सगळ्यात जड जायचा. १९८८ च्या 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट' मध्ये बग्ज, डॅफी, पोर्की, ट्वीटी, सिल्व्हेस्टर ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या ब्लँकनेच केले, सॅम मात्र जो अलास्कीला दिला. तुम्ही तो सरावाच्या अगदी शेवटी घ्या, एका वेळी दोनच वाक्यं, आणि नंतर खाकरू नका, घोटभर कोमट पाणी प्या.