स्टेट मशीनच्या मॉडेलवरून टेस्ट केसेस काढायच्या आहेत, सल्ला हवा

चाचणीकार:
लिफ्टच्या कंट्रोलरचं यूएमएल स्टेट मशीन आहे, म्हणजे कोणत्या घटनेने (इव्हेंट) तो कोणत्या स्थितीतून (स्टेट) कोणत्या स्थितीत जातो, हे बाणांनी दाखवणारी आकृती. 14 स्टेट, 9 इव्हेंट, 37 बाण. टेस्ट हातानेच लिहिल्यात, प्रत्येक बाण एकदा तरी तपासलेला. तरी एक बग निसटला. 'जादा वजन'मधून 'दार उघडं'मध्ये परत आलं की टायमर जुनाच चालू राहायचा, आणि माणसं उतरत असतानाच दार मिटायला लागायचं. सुटे बाण तपासले तर सगळं पास. फार लागलंय मनाला. टूल कोणतं घेऊ? कव्हरेज, म्हणजे मॉडेलचा तपासून झालेला भाग, किती धरू?

आलेख:
बग बाणांच्या जोडीत होता. एका बाणाने स्टेटमध्ये शिरून लगेच दुसऱ्याने बाहेर, अशा सगळ्या जोड्या तपासा. मॉडेलवर फिरून टेस्टच्या वाटा काढणाऱ्या ग्राफवॉकर या टूलपासून सुरुवात करा, मुक्तस्रोत आहे, गार्डही (बाण कधी घ्यायचा याच्या अटी) लिहिता येतात. 100 टक्के एज (म्हणजे बाण) कव्हरेज झालं की थांबवू नका, वेळेची अट घालून रात्रभर रँडम फिरू द्या.

गार्डमध्ये 'आणि'ने जोडलेल्या तीन अटी असतील तर आठही मिश्रणं नकोत. एमसीडीसीने, म्हणजे प्रत्येक अट एकटीच निकाल बदलू शकते हे दाखवायच्या निकषाने, चार पुरतात: तिन्ही खऱ्या, मग एकेक खोटी.

सावकाश:
टायमर आहे तर उप्पाल हे मॉडेल तपासणारं टूलही बघा, त्यात वेळ मॉडेलचाच भाग असतो. अमुक स्टेटला पोचता येतं का, असं विचारायचं. तो जो ट्रेस (तिथवरची पावलं) देईल त्याचीच टेस्ट करायची. व्यावसायिक वापराला परवाना लागतो.

पण आधी कागद घ्या. 14 गुणिले 9 म्हणजे स्टेट आणि इव्हेंटच्या 126 जोड्या, बाण 37. किमान 89 ठिकाणी मॉडेल गप्प आहे. धावत्या लिफ्टमध्ये कुणी 'दार उघडा' दाबलं तर? यूएमएलच्या नियमाने असा इव्हेंट सोडून दिला जातो. तुमचा कोड सोडतो का? बाण मोजणारं कव्हरेज तिथे फिरकतच नाही.

आणि कोड हाताने लिहिलाय की याच मॉडेलमधून जनरेट होतो?

चाचणीकार:
याच मॉडेलमधून.

सावकाश:
मग त्यावरून काढलेल्या टेस्ट फक्त कोड जनरेटरला तपासतील. मॉडेलची चूक दोन्हीकडे सारखीच उतरेल. अपेक्षित निकाल मूळ रिक्वायरमेंटवरून घ्या: दार पूर्ण बंद नसताना मोटर फिरू नये, दार उघडल्यापासून ठरलेला वेळ भरेपर्यंत ते मिटू नये. वाट मॉडेलने ठरवू दे, पण प्रत्येक पावलाला हे नियम तपासा. तो परतीचा बाण एकदा बघा बरं.

चाचणीकार:
बघितला. त्यावर टायमर रीसेटच लिहिलेला नाही. आज हे दोन नियम घालतो, मग ग्राफवॉकर लावतो.