सिनेमातलं बुडणं आणि खरं बुडणं: डोक्यात बसलेलं चित्र हलवायचं कसं?

काठावरून (प्रश्न)

मी लहान मुलांना पोहायला शिकवतो. पालक काठावर बसलेले असतात, नजर फोनमध्ये आणि कान पाण्याकडे. पोर अडचणीत आलं तर ओरडेल, हातपाय झाडेल, धपाधप पाणी उडेल, हा त्यांचा भरवसा.

खरं बुडणं तसं नसतं. बुडणाऱ्याचं तोंड पाण्याच्या पातळीला खालीवर होत असतं. वर आलं की श्वास सोडून दुसरा घेण्यापुरताच वेळ मिळतो, हाक मारायला श्वास उरत नाही. हात दोन्ही बाजूंना पसरतात आणि पाणी खाली दाबत राहतात. हे आपोआप होतं, ते हात उचलून कुणाला खुणावणं जमत नाही. शरीर उभं, पाय जवळजवळ स्थिर, डोकं मागे कललेलं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पोर पाण्यात उभं राहून आभाळाकडे बघतंय. वीस ते साठ सेकंदांत ते खाली जातं. (ओरडून मदत मागणारेही असतात, पण त्यांच्यात अजून बळ असतं. त्यांनाही लगेच मदत हवीच. मात्र ओरडण्याची वाट बघत बसलं तर दुसऱ्या अवस्थेतलं मूल हातचं जातं.)

प्रत्येक नव्या तुकडीच्या पालकांना मी हे जीव तोडून सांगतो. सगळे माना डोलावतात. परवा एका आईला म्हटलं, जरा पाण्याकडे लक्ष ठेवा, तर त्या म्हणाल्या, "ती ओरडली की मी उठतेच ना!" आदल्या दिवशी माझं सगळं बोलणं त्यांनी पहिल्या रांगेत बसून ऐकलं होतं.

यातल्या बहुतेकांनी कुणाला बुडताना कधी पाहिलेलं नाही. पाहिलंय ते पडद्यावर, लहानपणापासून, शंभरदा. माझं तासाभराचं बोलणं त्यापुढे टिकत नाही. एकदा ठाण मांडून बसलेलं चित्र हलवता येतं का? तुमच्या कामात असा अनुभव येतो का?

रात्रपाळी

येतो, आणि वाईट वेळी येतो. मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे.

मॉनिटरवरची रेघ सरळ झाली की दाराशी उभे असलेले नातेवाईक विचारतात, "शॉक का देत नाही?" पडद्यावर सरळ रेघेवर शॉक देतात आणि माणूस उठून बसतो. शॉकचं खरं काम वेगळं आहे. हृदय लय सोडून नुसतं थरथरत असतं, तेव्हा ती थरथर थांबवायला तो देतात. रेघ सरळ आहे म्हणजे थांबवण्याजोगं काही उरलेलंच नाही. तिथे छाती दाबायची आणि औषध द्यायचं. हे समजावून सांगायला तेव्हा कुणाकडेच वेळ नसतो, आणि त्या घरात "त्यांनी शॉकसुद्धा दिला नाही" हा सल कायमचा राहतो.

छाती दाबणंही तसंच. मोठ्या माणसाची छाती किमान ५ सेंटिमीटर खाली जायला हवी, मिनिटाला १०० ते १२० वेळा. बरगड्या मोडतात. पडद्यावर कोपरं वाकवून हलकेच दाबतात, कारण खाली झोपलेला नट जिवंत असतो, त्याच्यावर खरं करताच येत नाही.

१९९६ मध्ये अमेरिकेतल्या तीन दूरचित्रवाणी मालिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यांत छाती दाबून उपचार केलेल्यांपैकी ७५ टक्के लोक त्या क्षणी वाचत होते. प्रत्यक्षात रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलं तर घरी परतणारे बहुतेक ठिकाणी शंभरात दहाच्या आसपास किंवा त्याहून कमी. म्हणून आता मी आधीच, शांत वेळी, नातेवाईकांना बसवून विचारते: असं झालं तर आम्ही काय करू असं तुम्हाला वाटतं? त्यांचं चित्र आधी बाहेर काढते, मग माझं सांगते.

वर्ग_आठवी

रात्रपाळी, "आधी त्यांचं चित्र बाहेर काढते" हे अगदी मोलाचं आहे. मी इतिहास शिकवते. व्हायकिंगांवर, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी लढवय्यांवर, बोलण्याआधी मुलांना एक व्हायकिंग काढायला सांगते. वहीमागून वही, शिरस्त्राणाला शिंगं. उत्खननात त्या काळातलं शिंगवालं शिरस्त्राण एकही सापडलेलं नाही. ही शिंगं लोकांच्या मनात पक्की झाली ती १८७६ मध्ये, जर्मन संगीतकार वाग्नरच्या संगीतनाटकांसाठी कार्ल एमिल डोप्लर या चित्रकाराने आखलेल्या वेशभूषेतून. मग मुलं स्वतःच्याच चित्राकडे बघतात आणि विचारतात, "मग हे माझ्या डोक्यात आलं कुठून?" मला तो प्रश्नच हवा असतो.

काठावरून, तुमच्या प्रश्नावर थेट बोलणारा एक प्रयोग आहे, २००९ चा, सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातला. विद्यार्थ्यांना इतिहासावरचा खरा मजकूर वाचायला दिला आणि त्याच विषयावरच्या चित्रपटांतले तुकडे दाखवले. दोन्ही जुळले तिथे मजकूर जास्त लक्षात राहिला, म्हणजे चित्रपट वाईट शिक्षक नाही. जिथे चित्रपटाने तपशील बदलले होते तिथे मुलांनी खरा मजकूर वाचूनही चित्रपटातलं चूक उत्तर लिहिलं, काही वेळा निम्म्या प्रमाणात. "चित्रपटात चुका असतात, जपून बघा" एवढ्या मोघम सूचनेने फारसा फरक पडला नाही. नेमकी कुठली गोष्ट चूक आहे ते बोट ठेवून सांगितलं, तेव्हा चुका पुष्कळ घटल्या.

म्हणजे "सिनेमावर विश्वास ठेवू नका" हे पालथ्या घड्यावर पाणी. "सिनेमात हात वर असतात, प्रत्यक्षात ते पाण्यावर बाजूला पसरलेले असतात" हे लागू पडेल.

पानोपान

थोडं वेगळं मांडतो. वरच्या सगळ्या प्रतिसादांत गोष्टी म्हणजे पुसून टाकायची घाण असा सूर येतोय, तो मला खटकतो.

सोव्हिएत श्रमछावण्या मी पाहिलेल्या नाहीत. मला त्या कळल्या सोल्झेनित्सिनच्या कादंबरीतून, इव्हान देनिसोविचच्या एका दिवसातून. १९६२ मध्ये ती मॉस्कोच्या एका मासिकात आली, तेव्हा खुद्द त्या देशातल्या असंख्य वाचकांनी हे उघडपणे छापलेलं पहिल्यांदाच वाचलं. त्यात तो कैदी सकाळच्या पावातला अर्धा तुकडा गादीत लपवतो आणि भोक सुईदोऱ्याने शिवून टाकतो. कैद्यांचे आकडे मी नंतर बरेच वाचले, पण भूक माणसाला किती सावध करते हे मला त्या सुईदोऱ्याने शिकवलं. लेखक स्वतः आठ वर्षं तुरुंगात आणि छावण्यांत काढून आला होता.

म्हणून मी पुस्तक असो की चित्रपट, एकच विचारतो: सांगणाऱ्याने हे कुठून पाहिलं, आणि त्याच्या गोष्टीला काय हवं होतं? बुडण्याच्या प्रसंगात दिग्दर्शकाला हवं असतं की मागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ते कळावं. खऱ्या बुडण्याचा धोकाच हा की शेजारच्यालाही कळत नाही. असा प्रसंग जसाच्या तसा दाखवला तर गोष्ट तिथेच अडते. चूक कुठल्या दिशेने होणार हे असं आधीच ओळखता येतं.

काठावरून

पानोपान, मागच्या रांगेतला प्रेक्षक हे कारण मला कधी सुचलं नव्हतं. पालकांना मी ते तसंच सांगणार आहे.

आणि गोष्टींविरुद्ध माझी तक्रार नाही. बुडताना नेमकं काय होतं हे आम्हा लोकांना कळलं तेही कॅमेऱ्यामुळेच. फ्रँक पिया नावाच्या अमेरिकी जीवरक्षकाने खऱ्या बचावांचं चित्रीकरण करून ते पुन्हा पुन्हा पाहिलं आणि १९७४ मध्ये त्यावर लिहिलं. आमचं सगळं प्रशिक्षण त्यावर उभं आहे.

आता असं ठरवतोय: भाषण बंद. पालकांनाच म्हणायचं, बुडणारा माणूस कसा दिसतो ते हातांनी करून दाखवा. मग लगेच खरं चित्रीकरण दाखवायचं, आवाज न लावता. वर्ग_आठवी, हाच क्रम ठेवू ना?

वर्ग_आठवी

हाच ठेवा. खात्रीने दिलेलं चुकीचं उत्तर लगेच सुधारलं तर ती सुधारणा जास्त पक्की बसते, असं २००१ च्या एका प्रयोगात दिसलं. अपेक्षाभंगामुळे माणूस लक्ष देतो, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. म्हणून "नक्की असंच ना?" हे त्यांच्याकडून आधी वदवून घ्या.

मात्र एकदा करून सोडू नका. आठवडा उलटला की जुनी, खात्रीची उत्तरं परत डोकं वर काढतात, हेही नंतरच्या प्रयोगांत आढळलंय. माझ्या वर्गात महिन्याभराने शिंगं परत येतात! दुसऱ्या आठवड्यात पालकांकडून पुन्हा करून घ्या, आणि त्या वेळी चित्रीकरणाआधी त्यांनाच सांगू द्या की हात कुठे असतील.